मुख्याध्यापक दुसरी ‘ब’मध्ये बसलेत

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आणि आपल्या शाळा समितीच्या प्रमुख माननीय देसांका येरेमिच, व्यासपीठावर उपस्थित असलेले जावोरिश्तेचे नगराध्यक्ष, आपले धर्मगुरू, शाळेच्या नव्या मुख्याध्यापिका कालिना बाई, ज्यांच्या निवृत्तीनिमित्त आपण सगळे जमलो ते आदरणीय वेलिबोर मारिंकोविच सर आणि त्यांच्या सौभाग्यवती, शिक्षकवृंद, आजी-माजी विद्यार्थी, पालक, आणि खुर्च्या पुरल्या नाहीत म्हणून मागच्या भिंतीला टेकून उभी असलेली सगळी मंडळी, तुम्हा सर्वांना माझा नमस्कार.

माझं नाव ओल्गित्सा तानासकोविच. तुमच्यातले बरेच जण मला ओळखतात. शीतगृहात रास्पबेरी निवडायच्या पट्ट्यावर मी काम करते. जून-जुलैमध्ये माझे हात तांबडे असतात, एरवी माणसासारखे असतात. मी काही वक्ता नाही. सभागृहात उभं राहून बोलण्याची माझ्यावर याआधी जेव्हा जेव्हा वेळ आली, तेव्हा मी भांडायलाच उभी होते. कुणाचे आभार मानायला माईक हातात घेतेय तो आज पहिल्यांदा, त्यामुळे आवाज जरा चढा लागला तर सवयीचा दोष समजा.

पहिल्या रांगेत माझ्या सासूबाई पेर्सिदा बसल्या आहेत. आत येताना त्यांनी मला बजावलंय, “बाहेर कोकरू भाजतंय, ओल्गित्सा. लोकांचे कान तुझ्याकडे असतील, नाकं अंगणाकडे. आटोपतं घे.” प्रयत्न करते, सासूबाई.

मला बोलायला सांगितलं तेव्हा मी सरांकडे गेले आणि विचारलं, काय बोलू? सर म्हणाले, “खरं बोलणार असशील तर मी तुला ‘नाही’ म्हटलं होतं तिथून सुरुवात कर. नुसती फुलं उधळणार असशील तर बोलूच नकोस.” आता ज्यांचा सत्कार त्यांचीच अशी आज्ञा असेल तर ती मोडायची कशी? म्हणून अध्यक्षांची परवानगी घेऊन ‘नाही’पासून सुरू करते.

आमचा रेल्या तेव्हा सहा वर्षांचा होता. त्याला एकच शब्द यायचा, ‘पाणी’. भूक लागली तरी पाणी, कान दुखला तरी पाणी. डॉक्टरांनी त्याच्या आजाराला नाव दिलं, स्वमग्नता, आणि लगेच म्हणाले की हा आजार नाहीच. मग मी काय समजायचं? पण नावाने मुलगा बदलत नाही. पुढच्या सप्टेंबरला त्याला पहिलीत घालायचं होतं, म्हणून वसंतात एका सकाळी त्याचा हात धरून मी सरांच्या खोलीत गेले.

सर मूळचे भूगोलाचे, हे तुम्हाला माहीतच आहे. टेबलावर तो मोठा पृथ्वीगोल होता. रेल्याने तो फिरवायला घेतला आणि तो थांबवेच ना. मी त्याचा हात धरायला गेले तर सर म्हणाले, फिरवू द्या. मला वाटलं, चला, सुरुवात बरी झाली. मग सरांनी चष्मा काढला. सर चष्मा काढतात तेव्हा काय होतं हे त्यांच्या विद्यार्थ्यांना वेगळं सांगायला नको.

“तुम्हाला खोटं सांगत नाही,” सर म्हणाले. “या मुलासाठी माझ्याकडे काहीच नाही. मदतनीस नाही, शांत खोली नाही, यातलं शिकलेला शिक्षक नाही. शहरात खास शाळा आहे, वसतिगृह आहे. सोमवारी सोडा, शुक्रवारी घेऊन या.”

“सर, त्याला शुक्रवार कळत नाही,” मी म्हटलं.

“म्हणजे?”

“म्हणजे सोमवारी मी दारातून बाहेर पडले की तो त्या दाराकडे बघत बसेल. मंगळवारीही बसेल, बुधवारीही बसेल. मी परत येणार आहे हे त्याला कसं सांगायचं ते अजून मलाच कळलेलं नाही. तिथल्या लोकांना कुठून कळणार?”

पृथ्वीगोल गरगर फिरत होता. शेवटी सरांनी चष्मा परत घातला.

“सप्टेंबरमध्ये आणा,” म्हणाले. “पण माझ्याकडे काही नाही, हे लक्षात ठेवा.”

“माझ्याकडेही काही नाही सर,” मी म्हटलं. “म्हणजे आपण बरोबरीत.”

पहिलीचं वर्ष मी स्वतः त्याच्या बाकावर बसून काढलं. शीतगृहातलं काम सोडलं. माझे यजमान नेनाद ऑस्ट्रियात इमारतींच्या कामावर होते, त्यामुळे घर चालत होतं. रुझित्सा बाईंचा वर्ग होता. बाई इथे समोरच बसल्यात. बाई, त्या वर्षी मी तुमच्याकडून बेरजा-वजाबाक्या दुसऱ्यांदा शिकले, त्याबद्दल तुमचेही आभार. वर्गातली मुलं मला ‘रेल्याची आई’ म्हणायची आणि माझं उत्तर चुकलं की न चुकता सांगायची. तपासणी समितीच्या डॉक्टरांनी आणि तज्ज्ञांनी रेल्याला पाहिलं आणि लिहून दिलं की या मुलाला शाळेत पूर्णवेळ मदतनीस हवा, तो त्याचा हक्क आहे आणि तो नगरपालिकेने द्यायचा आहे. नगरपालिकेने सांगितलं, मान्य आहे, पण यंदा तरतूद नाही, पुढच्या वर्षी बघू.

पुढच्या वर्षी काय झालं? पुढच्या वर्षी नेनाद कामावर परांचीवरून पडले. पाय दोन ठिकाणी मोडला. घरी आले ते कुबड्या घेऊनच. आता कुणीतरी कमवायला हवं होतं. मी शीतगृहात परत गेले आणि रेल्या दुसरी ‘ब’च्या बाकावर एकटा बसायला लागला.

मंडळी, एकटं बसणं म्हणजे काय, याचा विचार आपण करतो का? बावीस मुलांचा वर्ग. बाई फळ्याकडे वळल्या की त्याला ‘आता काय करायचं’ हे सांगणारं कुणी नाही. शेजारच्याची वही हवी असेल तर ती मागायला शब्द नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे ती जुनी घंटा. तुम्हाला आठवत असेल, आपल्या शाळेची घंटा वाजली की नदीपलीकडची कुत्री भुंकायची. तेव्हा मात्र आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं की गोष्ट घंटेची आहे. आम्हाला एवढंच दिसायचं की हा मुलगा मधूनच किंचाळतो आणि दाराकडे धावतो.

थंडीत एका सकाळी तो असाच धावला आणि दारात तेओदोरा होती. तिला धक्का बसला, ती उंबऱ्यावर तोंडावर पडली. ओठ फाटला आणि नुकताच आलेला पुढचा पक्का दात अर्धा तुटला. ती तेओदोरा म्हणजे आज इतक्या गोड आवाजात सूत्रसंचालन करतेय तीच. पुढचं सांगण्याआधी मी तिची आणि तिच्या वडिलांची परवानगी घेतलेली आहे. तिचे वडील स्लावको, आपले गाड्या दुरुस्त करणारे, तिकडे खिडकीशी उभे आहेत. ते म्हणाले, “सांग की. फक्त मला राक्षस करू नकोस.” नाही करत.

जानेवारीत शाळांचे रक्षक संत सावा यांचा दिवस झाला, शाळेत प्रसादाचा गहू वाटला गेला आणि त्याच आठवड्यात पालकसभा बोलावली गेली. स्लावकोने आधीच घरोघरी फिरून सह्या घेतल्या होत्या की रेल्याला या वर्गातून हलवावं. मी सभेला गेले. माझ्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या.

स्लावको उठला. “ओल्गित्सा, वाईट वाटून घेऊ नकोस,” म्हणाला. “तुझ्या पोराशी माझं काही वैर नाही. पण माझ्या मुलीचा आज दात गेला. उद्या डोळा गेला तर मी कुणाकडे जाऊ?”

मागून एक बाई म्हणाली, “त्यांच्यासाठी वेगळ्या शाळा आहेत ना? मग आपल्याच मुलांनी का सोसायचं?”

रुझित्सा बाई म्हणाल्या, “मला तो वर्गात हवा आहे. पण मी फळ्यावर लिहिते तेव्हा माझ्या पाठीला डोळे नसतात. मला माणूस द्या.”

स्लावको खोटं बोलत नव्हता. बाई खोटं बोलत नव्हत्या. मी मांडीवरच्या पिशवीचे बंद धरून बसले होते आणि मनात एकच चाललं होतं, हे आता मत घेतील आणि उद्या मी रेल्याला दप्तर का देत नाही हे त्याला सांगायलाही मला जमणार नाही.

सर कोपऱ्यात बसले होते. ते उठले, चष्मा काढला.

“स्लावकोचं बरोबर आहे,” म्हणाले. “मुलीला लागायला नको होतं. ओल्गित्साचंही बरोबर आहे. मुलगा इथे आला तो कायद्याने आला, माझ्या मेहेरबानीने नाही. त्या बाकावर एक मोठं माणूस असतं तर आज ही सभाच झाली नसती. तेव्हा मुलाला काढायचं का, हा प्रश्नच नाही. माणूस कुठून आणायचं, हा प्रश्न आहे.”

“तेच तर,” स्लावको म्हणाला. “आणायचं कुठून?”

“ते माझ्याकडे लागलं. उद्यापासून माणूस असेल.”

सगळ्यांना वाटलं, सरांनी शहरात कुणाला तरी फोन केला असणार. मलाही तसंच वाटलं. सकाळी मी रेल्याला घेऊन वर्गाच्या दारात पोचले तर त्याच्या बाकावर सर बसले होते. कोट-टाय घालून. ते बाक सात-आठ वर्षांच्या मुलांचे. सरांची उंची तुम्ही बघताच आहात. गुडघे कुठे ठेवायचे हे त्यांना कळत नव्हतं, म्हणून एक पाय बाकांमधल्या वाटेत आणि एक पाय भिंतीला, असे ते बसले होते.

“सर, हे काय?” मी विचारलं.

“माणूस,” ते म्हणाले. “उशीर करू नका, तुमचा पट्टा सुरू होईल.”

आता तुम्हाला वाटेल, दोन दिवसांचा देखावा असेल. मलाही वाटलं. पण सर जूनपर्यंत त्या बाकावर बसले. शाळा तिथूनच चालवली. कार्यालयातल्या मिलेवा ताई कागद घेऊन चवड्यांवर चालत वर्गात यायच्या, सर तिथेच सही करायचे. शहरातून फोन आला की ताई सांगायच्या, “मुख्याध्यापक दुसरी ‘ब’मध्ये बसलेत.” पलीकडच्याला वाटायचं तपासणी चालू आहे. “नाही नाही,” ताई म्हणायच्या, “बसलेत. विद्यार्थ्याशेजारी. मधल्या सुट्टीत करा.”

रेल्याने सरांना सहज स्वीकारलं असं समजू नका. पहिल्या आठवड्यात तो त्यांच्या हाताला चावला. सरांनी हातावर रुमाल बांधला आणि विचारणाऱ्यांना सांगितलं, डबा उघडताना लागलं. मारिंकोविच वहिनींनी ती जखम पाहिली तेव्हा त्या म्हणाल्या, “या डब्याला दात आहेत वाटतं.” बरोबर ना वहिनी? त्या हसताहेत, म्हणजे बरोबर.

पण शेजारी बसलं की जे कळतं ते टेबलामागून कळत नाही. सरांच्या लक्षात आलं की घंटा व्हायच्या थोडं आधीच रेल्याचं अंग ताठ होतं. तो घड्याळ बघत नव्हता, पण त्याला कसं कोण जाणे कळायचं की आता ती होणार. आणि मग तो सरांची बाही इतकी घट्ट धरायचा की शिवण उसवायची. किंचाळणं, धावणं, तेओदोराचा दात, सगळं त्या घंटेपाशी सुरू होत होतं. सरांनी त्याच दिवशी घंटा बंद करवली. सगळ्या शाळेची.

शिक्षकांच्या खोलीत काय गहजब झाला असेल याची कल्पना करा. गणिताचे सर म्हणाले म्हणे, “एका मुलासाठी सगळ्या शाळेने बिनघंटेचं चालायचं?” आणि सर म्हणाले, “तुमच्या हातात घड्याळ आहे. त्याच्याकडे काय आहे?” दोन दिवस सगळे तास लांबले. तिसऱ्या दिवशी प्रत्येक वर्गातल्या मुलांनी स्वतःहून एक वेळ सांगणारा नेमला. त्यानंतर आजतागायत शाळेला घंटा नाही आणि माझ्या माहितीप्रमाणे कुणी अडाणी राहिलेलं नाही.

मग रुझित्सा बाईंनी दिवसाचे तास चित्रांनी काढून बाकावर चिकटवले. पुस्तक, चेंडू, ब्रेड, बूट, घर. एकेक तास झाला की रेल्या त्याचं चित्र उपटायचा. घराचं चित्र शेवटी यायचं. त्याला शुक्रवार कळत नव्हता, पण घराचं चित्र कळलं. संध्याकाळी मी त्याला घ्यायला गेले की त्याच्या मुठीत ते घर असायचं. ते मला देऊन मगच तो बूट घालायचा.

आणि उन्हं जरा तापायला लागली होती तेव्हाची एक सकाळ. मी त्याला सोडायला गेले, सर नेहमीसारखे एक पाय वाटेत काढून बसायच्या बेतात होते. रेल्याने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. तो नुसता भिंतीकडे सरकला. सरांना दोन्ही पाय आत घेता येतील एवढी जागा झाली. रुझित्सा बाईंनी खडू खाली ठेवला आणि त्या खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मी शीतगृहात पोचले, तर मुकादमीण म्हणाली, “काय गं, रडतेस कशाला, काही वाईट झालं का?” मी म्हटलं, “नाही, माझा मुलगा सरकला.” तिला काय समजणार बिचारीला?

बरं, सगळं असं गोड नव्हतं. कुणीतरी वर तक्रार केली आणि शिक्षण खात्याचे निरीक्षक आले. मुख्याध्यापकांची खोली रिकामी. मिलेवा ताईंनी त्यांना दुसरी ‘ब’मध्ये नेलं. तास संपेपर्यंत निरीक्षक दारात उभे, सर बाकावर.

“मारिंकोविच, हे तुमचं काम नाही,” निरीक्षक म्हणाले.

“खरं आहे,” सर म्हणाले. “ज्याचं काम आहे तो माणूस द्या, मी लगेच उठतो.”

सरांना लेखी ताकीद मिळाली. शहरातल्या शिक्षण कार्यालयात त्यांची वरच्या जागेवर नेमणूक व्हायची होती, ती दुसऱ्या कुणाची तरी झाली. मी एकदा त्यांना विचारलं, तर म्हणाले, “शहरात मला झोप येत नाही.” त्यावर जास्त बोलायचं नाही असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं, म्हणून मीही आज जास्त बोलत नाही.

मग तेव्हाचे नगराध्यक्ष आले. आजचे नव्हेत, सन्माननीय नगराध्यक्षांनी निश्चिंत असावं. शाळेला नव्या खिडक्या बसल्या होत्या, त्यांच्यापुढे उभं राहून फोटो काढायचा होता. मुख्याध्यापकांशिवाय फोटो कसा व्हायचा? त्यांनाही वर्गात यावं लागलं, मागच्या बाकावर बसून तास संपायची वाट बघावी लागली. नेमका त्या दिवशी रेल्याचा दिवस वाईट होता. फोटोवाल्याच्या यंत्राचा उजेड पडला आणि तो बाकाखाली शिरून कान झाकून ओरडायला लागला. सर त्याच्या मागून बाकाखाली उतरले. दोघं बराच वेळ खाली होते. मग सर त्याला अंगणात घेऊन गेले, अक्रोडाखाली फिरवून आणलं. परत आले तेव्हा कोटावर सगळी धूळ.

“हे रोज असंच असतं?” नगराध्यक्षांनी विचारलं.

“नाही,” सर म्हणाले. “आठवड्यातून एखादा दिवस. पण त्या दिवशी कुणीतरी लागतंच.”

नगराध्यक्षांना मनापासून वाईट वाटलं. त्यांनी सरांचा हात दाबला, खिडक्यांपुढे फोटो काढला आणि गेले. आणि तरतूद? ती काही झाली नाही. नियमात बसत नाही, असं उत्तर आलं. मंडळी, मी हे रागाने सांगत नाही. मला फक्त एवढं म्हणायचं आहे की वाईट वाटणं आणि माणूस नेमणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आमच्यासारख्या आयांनी पहिली गोष्ट पोटभर मिळवलेली असते.

काम झालं ते स्लावकोमुळे. हो, याच स्लावकोमुळे. रोज तेओदोराला सोडायला येताना त्याला सर त्या बाकावर दिसायचे. एके दिवशी तो माझ्या दारात आला. आत येईना. तिथूनच म्हणाला, “नगरपालिकेची सभा कधी आहे?”

“गुरुवारी. का?”

“मी येतो.”

“तू कशाला?”

“त्या माणसाचे गुडघे बघवत नाहीत म्हणून,” तो म्हणाला. “आणि पोर घरी येऊन विचारते की रेल्यासाठी सर बसतात, मग सर आजारी पडले तर कोण बसणार? मला उत्तर देता येत नाही.”

त्या गुरुवारी सभागृहात आम्ही सगळे गेलो. ज्यांनी सह्या केल्या होत्या त्यातलेही बहुतेक. मी बोलले, माझं नेहमीचं. मग स्लावको उठला, हाताला ग्रीस तसंच. म्हणाला, “माझ्या मुलीचा दात तुटला तेव्हा मी त्या मुलाला घालवायला निघालो होतो. माझा पत्ता चुकला होता. मला इथे यायला हवं होतं. त्या बाकावर माणूस ठेवायचं काम तुमचं. ते तुम्ही केलं नाहीत म्हणून माझी पोर पडली. आता बोला.” सप्टेंबरपासून मदतनीस द्यायचे असं त्या सभेत ठरलं. एकट्या रेल्याला नाही, तालुक्यातल्या गरज असलेल्या प्रत्येक मुलाला.

आणि तेव्हा जे झालं ते मी कधी विसरणार नाही. आम्हाला वाटायचं, असं मूल गावात आपलंच. पण बातमी पसरली आणि वरच्या वाड्यांवरून माणसं खाली उतरायला लागली. कुणी बैलगाडीच्या रस्त्याने, कुणी दूधवाल्याच्या गाडीतून. कधी शाळेचं तोंड न पाहिलेली मुलं घेऊन. एक आंजेलिया होती, अकरा वर्षांची. पाय चालत नव्हते, डोकं लख्ख चालत होतं. आजोबांनी तिला पाठुंगळीवर आणलं होतं. सरांनी तिला विचारलं, “वाचता येतं?” ती म्हणाली, “येतं. घरात दोनच पुस्तकं होती, ती पाठ झाली. तुमच्याकडे तिसरं आहे का?” सरांनी चष्मा काढला, पण या वेळी तो पुसायला. उन्हाळ्यातच पायऱ्यांशेजारी उतार बांधून झाला. सिमेंट कालवायला नेनाद कुबडी टेकून उभे होते, फावडं स्लावकोच्या हातात होतं आणि जेवण सासूबाईंचं होतं. चवीबद्दल त्या वेळी कुणी तक्रार केली नाही, हे त्यांनी आजही नोंदवून घ्यावं.

सप्टेंबरमध्ये तमारा नावाची मुलगी रेल्याची मदतनीस म्हणून आली आणि आठवीपर्यंत त्याच्याबरोबर राहिली. आज तो सोळा वर्षांचा आहे. शेतकी शाळेत जातो, रोपवाटिकेत रास्पबेरीची रोपं लावतो. फार बोलत नाही, पण पाण्याला पाणी म्हणतो आणि भाकरीला भाकरी. आज तो इथे नाही. एवढी माणसं आणि अकॉर्डियन त्याला सोसत नाही. सर काल घरी येऊन त्याच्याबरोबर तासभर रोपं लावून गेले. निरोप त्यांचा तिथेच झाला.

आता व्यासपीठावरच्या मान्यवरांची क्षमा मागून दोन शब्द बोलते. आनंदाच्या दिवशी मागणं बरं दिसत नाही, पण नगराध्यक्ष असे हाताच्या अंतरावर रोज कुठे सापडतात? मदतनिसांचे करार दर जूनला संपतात. नव्या सत्रात कोण येणार, येणार की नाही, हे ऑगस्ट संपेपर्यंत आम्हाला कळत नाही. ज्या मुलाला ओळख व्हायला सहा महिने लागतात त्याला दर सप्टेंबरला नवा चेहरा देऊ नका. शेतकी शाळेत अजून शांत खोली नाही. आणि वरच्या वाड्यांच्या बसमध्ये चाकाची खुर्ची चढत नाही. आंजेलियाचे आजोबा आता थकलेत. साहेब, मी हे भांडून सांगत नाही, आज तसा नियम आहे. पण गुरुवारची सभा मला अजून ठाऊक आहे.

शेवटचं एक सांगते आणि कोकराला मोकळं करते. गेल्या आठवड्यात शीतगृहाच्या फाटकाशी एक तरुण जोडपं माझी वाट बघत उभं होतं. खालच्या वस्तीतलं. बरोबर पाच-सहा वर्षांचा मुलगा, आईच्या स्कर्टमागे तोंड लपवलेला. आई म्हणाली, “ताई, याला शाळेत घालायचंय. सगळे म्हणतात, मारिंकोविच सर होते तोवर ठीक होतं, आता ते चालले. नवीन बाई काय म्हणतील?”

मी म्हटलं, “जा, भेट. आणि त्या काय म्हणाल्या ते मला सांग.” रात्रभर मला बरं वाटलं नाही. एका माणसाच्या चांगुलपणावर चालतं ते किती दिवस चालणार, याची भीती आमच्यासारख्यांना कायम असते.

आज सकाळी मी या चार ओळी पाठ करत होते तेव्हा तिचा फोन आला. कालिना बाईंकडे जाऊन आले, म्हणाली. मी विचारलं, “मग? आमच्याकडे काही नाही म्हणाल्या का?”

“नाही,” ती म्हणाली. “बाहेर येऊन त्याच्याशेजारी जमिनीवर बसल्या. मला एकच विचारलं. याला शाळेत कशाची भीती वाटेल? आत्ताच सांगा, म्हणाल्या, म्हणजे तो यायच्या आत ते काढून टाकता येईल.”

सर, तुम्ही काहीतरी मागे ठेवून चालला आहात, याची याहून मोठी पावती माझ्याकडे नाही. कालिना बाई, तुमचे आभार. रुझित्सा बाई, मिलेवा ताई, तमारा, वहिनी, नेनाद, सासूबाई, स्लावको, तेओदोरा, तुमचे आभार. अध्यक्षांनी मला अडवलं नाही, त्यांचे आभार. कुणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, कुणाचं नको तिथे घेतलं गेलं असेल, कुणाला माझा शब्द लागला असेल, तर बाहेर ताट घेऊन माझ्या शेजारी येऊन बसा आणि सांगा. मी तिथेच माफी मागेन. आणि सर, तुम्ही आता घरी मोठ्या खुर्चीत बसा. पाय लांब करून बसा. आमच्या मुलांच्या शेजारी बसायला आता माणसं आहेत.

धन्यवाद.